गुणाजीची ऐकायची खुर्ची

राऊळांच्या घराण्याचा आणि खुर्चीचा संबंध तसा बेताचाच. गावच्या शाळेत खुर्ची मास्तरांची, गिरणीत खुर्ची मोठ्या साहेबाची आणि सोसायटीच्या मीटिंगला खुर्ची चेअरमनची. राऊळ एक तर उभे, नाहीतर जमिनीवर. त्यामुळे १९८८ सालच्या दिवाळीनंतर नलिनीने घरात जाहीर केलं की, बाबांना गाणी ऐकायला आता एक मस्त आरामाची खुर्ची घ्यायची, तेव्हा गुणाजी राऊळ खूश व्हायला हवा होता. तो हसला, मान डोलावली, आणि आतल्या आत घाबरला.

खुर्चीला माणूस घाबरतो का? गुणाजी घाबरला, आणि त्याला तसंच कारण होतं. ते कारण त्याने घरात कोणाला सांगितलं नव्हतं आणि सांगायचा विचारही नव्हता.

चारकोपच्या सेक्टरात त्यांचं बैठं घर होतं, नवं, अजून बाहेरच्या भिंतीला रंग नसलेलं. पुढची एक खोली, मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत परळच्या चाळीतून आणलेलं जुनं लाकडी कपाट, आणि त्या कपाटाच्या मधल्या फळीवर नलिनीने नोकरीच्या पहिल्या वर्षीच घेतलेला चपटा टेपरेकॉर्डर. नलिनी तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात वायरी डाग देऊन जोडायचं काम करायची. रविवारी सकाळी चहा झाला की गुणाजी कपाटाचं एक दार उघडायचा, कॅसेट लावायचा, आणि जमिनीवर पाट टाकून कपाटाच्या कडेला पाठ आणि डोक्याची मागची बाजू घट्ट लावून बसायचा. तासभर हलायचा नाही. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पाय आखडून, मान वाकडी करून भिंतीला टेकवलेल्या पोत्यासारखा बसलेला बघून नलिनीच्या जिवाला लागायचं. कुठल्याही मुलीच्या लागेल.

"बाबा, असं बसून मान धरेल ना तुमची!"

"माका हयच बरा वाटता गो," तो म्हणायचा.

बरं वाटायचं हे खरंच होतं. पण का, ते ऐका. गुणाजीच्या कानांनी त्याची साथ सोडली होती. एकदम नाही, थोडी थोडी, गेली दहा-बारा वर्षं. आता समोरच्याचं तोंड दिसलं तर त्याला सगळं कळे, तोंड दिसलं नाही तर भिंतीशी बोलल्यासारखं. आणि गाणं त्याला कानांनी नाही, लाकडातून ऐकू यायचं. टेपरेकॉर्डर फळीवर वाजायचा, फळी कपाटाला हलवायची, कपाट त्याच्या पाठीला आणि कवटीला. पखवाजाची थाप अशी स्वच्छ यायची की वा! आणि थापेच्या मागून, अगदी पुसट, काशीरामाच्या आवाजाची एक रेघ. तेवढी रेघ ऐकण्यासाठी तो आठवडाभर रविवारची वाट बघायचा. आता खुर्ची येणार म्हणजे खुर्ची खोलीच्या मधोमध असणार, टेप कपाटात असणार, आणि ती रेघ जाणार. एवढं साधं होतं ते.

हे ऐकायचं कसब त्याला गिरणीने शिकवलं होतं. तीस वर्षं तो साचेखात्यात होता. साचा म्हणजे माग, कापड विणायचा. तसे पाचशे-सहाशे साचे एका छपराखाली खडखडायला लागले की देवाने हाक मारली तरी ऐकू जायची नाही. तिथे माणसं ओठांवरून बोलत, बोटांनी चहा मागवत, भुवईने शिव्या देत. आणि स्वतःच्या साच्याची तब्येत कानांनी नाही, हाताने बघत. गुणाजी जाता-येता साच्याच्या चौकटीवर पंजा ठेवायचा. आडवा दोरा नेणारा धोटा नीट पळतोय की अडखळतोय, कुठला नट ढिला झालाय, ते त्याच्या पंजाला आधी कळायचं. खात्यावरचा मुकादम, जॉबर, तोसुद्धा त्याला बोलवायचा, "राऊळ, जरा हात लाव रे ह्याला." ज्या साच्यांनी त्याच्या पंजाला एवढं शहाणं केलं, त्यांनीच त्याचे कान घेतले. फुकट कोण काय शिकवतं?

घरात हे कोणाच्या लक्षात आलं नाही याचं नवल वाटेल, पण वाटायचं कारण नाही. गिरणी कामगाराच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात, आणि तोंडासमोर येऊन बोलतात. नलिनी पाळण्यात होती तेव्हापासून बापाशी बोलताना त्याच्या समोर उभी राहून, तोंड मोठं उघडून बोलायला शिकली होती. तिला वाटायचं जगात सगळे असेच बोलतात.

आता काशीरामाचं. काशीराम गावडे गुणाजीच्या शेजारच्या साच्यावरचा, कोकणात बाजूच्याच गावचा, आणि भजनी बुवा. पाळी सुटली की चाळीच्या गच्चीवर त्यांचं भजन बसायचं. काशीराम पेटी घेऊन गायचा आणि गुणाजी पखवाज. वीस वर्षं ही जोडी सबंध परळभर गाजली. डबलबारी असली की लोक लांबून येत. डबलबारी म्हणजे एका मैदानात दोन बुवा, दोन मंडळ्या, समोरासमोर. एकाने गजर, म्हणजे लय चढवत नेलेलं भजन, म्हणायचा, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, आणि मध्ये मध्ये एकमेकांची यथेच्छ टर उडवायची. गुणाजीचे कान जायला लागले तेव्हाही वाजवणं अडलं नाही. तो काशीरामाच्या ओठांवरून अभंग उचलायचा आणि हनुवटीवरून सम पकडायचा. हे त्याने काशीरामालाही कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर काशीरामाने दुसरा पखवाजी बघितला असता, निदान बघायला हवा होता, असं गुणाजीला वाटायचं. बहिऱ्या माणसाला पखवाजावर कोण बसवणार? म्हणून तो मुकाट राहिला. मग संप झाला, लांबला, गिरणी गेली. काशीराम पोरंबाळं घेऊन गावी गेला आणि दुसऱ्याच वर्षी तिकडे कावीळ होऊन वारला. गुणाजीला पोस्टकार्ड आलं तेव्हा बारावासुद्धा होऊन गेला होता.

राहिली ती एक कॅसेट. ऐंशी सालच्या गणपतीतल्या डबलबारीची, चाळीतल्या कोणाच्या तरी दुबईवाल्या मेहुण्याने भरलेली. समोर धोंडिराम बुवा, इकडे काशीराम. काशीरामाचा आवाज जगात फक्त तेवढ्या पट्टीवर शिल्लक होता. खुर्चीचं नाव काढल्यावर गुणाजी का घाबरला, ते आता कळलं असेल.

शेवटी रविवार धरून बापलेक कांदिवलीला शिवदास मिस्त्रीच्या दुकानात गेली. जाताना गुणाजीने मनाशी एक बेत केला होता. खुर्ची घ्यायचीच आहे ना, मग अशी घेऊ की जी कपाटाचं काम करेल. त्याला जरा हुरूपही आला होता. टेप खुर्चीवरच ठेवता आला तर?

दुकानात पुढे सगळा नवा माल. रेक्झिनच्या, फोमच्या, फुगीर हातांच्या खुर्च्या. नलिनी एका तपकिरी खुर्चीत बसली ती रुतलीच, आणि हसायला लागली. "बाबा, बसा तर! झकास आहे!"

गुणाजी बसला नाही. त्याने आधी बोटांच्या पेरांनी खुर्चीच्या हातावर ठोकलं, फणस पिकलाय का बघतात तसं. मग पंजा ठेवला. मग दुसऱ्या खुर्चीला ठोकलं, तिसरीला ठोकलं. वेताची, लोखंडी घडीची, प्लायवूडची. शिवदास मिस्त्री काउंटरमागून बघत होता. त्याने आजवर खुर्ची बघायला आलेले शंभर नमुने बघितले होते. कोणी उशी दाबतं, कोणी पाय हलवून बघतं, कोणी नुसतं हातात धरून वजन करतं. ठोकून बघणारा हा पहिलाच.

"काका, लाकडातलं कळतं वाटतं तुम्हाला," तो जवळ येऊन म्हणाला.

गुणाजीने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "तुमचा तो ट्रान्झिस्टर जरा ह्या हातावर ठेवू काय?"

काउंटरवर छोटा ट्रान्झिस्टर गात होता. शिवदासला गंमत वाटली. त्याने तो उचलून वेताच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. गुणाजी खुर्चीत बसला, शेजारी पंजा टेकवला, डोकं मागे केलं. वेतात नुसती कुजबुज. लोखंडी खुर्चीत सगळंच झणझणायचं, पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसं. प्लायवूड मुकं. तपकिरी फोमच्या खुर्चीत तर काहीच नाही, रिकामी विहीर. नलिनी दारापाशी उभी राहून कानकोंडी होत होती, कारण दुकानात आणखी एक जोडपं आलं होतं आणि ते गुणाजीकडे बघत होतं.

मागे अंधाऱ्या बाजूला मोडीत घेतलेला जुना माल पडला होता. तिथे गुणाजीला ती दिसली. कुठल्यातरी बंद पडलेल्या कचेरीतली, जुन्या सागवानाची, उंच सरळ पाठीची, पाटासारख्या रुंद हातांची काळी खुर्ची. एका पायाला पॉलिश उडालेलं. गुणाजीने ठोकलं आणि तो थांबला. पुन्हा ठोकलं. ट्रान्झिस्टर हातावर ठेवून बसला मात्र, कोपरातून, खांद्यातून, थेट टाळूपर्यंत तबला चालत आला. एका बाईचा आवाजसुद्धा आला, पुसट पण आला. गुणाजी तसाच बसून राहिला. त्याचे डोळे भरून आले ते कोणाला दिसू नयेत म्हणून त्याने चष्मा पुसला.

"ही घेऊया," तो म्हणाला.

नलिनी समोर आली. "बाबा, ही? ही कोर्टातली खुर्ची वाटते. एवढी कडक, पाठ मोडेल तुमची. लोक म्हणतील, बापाला भंगारातली खुर्ची आणली." मग तिचा आवाज उतरला असावा, कारण तिचे ओठ हळू हलले. "लहानपणापासून तुम्हाला जमिनीवरच बघतेय मी. गिरणीत आठ तास उभे. एकदा तरी मऊ बसा ना. माझ्यासाठी."

आता इथे गुणाजीने तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य ह्या मुलीला सांगायचं म्हणजे गेली तीन वर्षं दर रविवारी तिने 'कसं वाटलं, बाबा?' विचारलं आणि आपण 'झकास' म्हणालो, ते सगळं खोटं होतं असं सांगायचं. शिवाय ती डॉक्टरकडे ओढून नेणार. डॉक्टर कागदावर लिहून देणार. आणि मग शेजारची पोरंसुद्धा भैरो, म्हणजे बहिरा, म्हणून चिडवणार. माणसाला स्वतःची अब्रू कुठे लपवावीशी वाटेल ते सांगता येत नाही; गुणाजीने ती कानांमागे लपवली होती. त्याने सागवानी खुर्चीवरून हात काढला.

"तुझ्या मनासारखा होऊ दे," तो म्हणाला.

तपकिरी खुर्ची घरी आली. गुणाजीच्या बायकोने, सुगंधाने, खुर्चीच्या पाठीवर विणलेला रुमाल घातला, शेजारची सोनूबाई बघून गेली आणि दोनदा बसून गेली. टेपसाठी नलिनीने समोर नवं शोकेस लावलं, गाणं नीट समोरून यावं म्हणून. कपाट आत स्वयंपाकघरात गेलं, डबे ठेवायला.

पहिल्या रविवारी गुणाजी खुर्चीत बसला. बूड आत गेलं, पाठ आत गेली, दोन्ही कोपरं आत गेली. कापसात गुंडाळून ठेवलेल्या काचेच्या सामानासारखा तो बसला, आणि जगातला सगळा आवाज बंद झाला. शोकेसवर कॅसेटची दोन चाकं फिरताना दिसत होती. एवढंच. त्याने डोळे मिटून आठवलं: आता नमन, आता गजर, आता काशीराम वरचा सूर लावणार. मांडीवर बोटं ठेवली आणि आपल्या आठवणीतला पखवाज वाजवायला लागला. कॅसेट संपली तशी चाकं थांबली आणि तो उठला.

"कसं वाटलं, बाबा?"

"झकास," गुणाजी म्हणाला, आणि मागच्या दारी जाऊन उगाच तुळशीला पाणी घातलं.

असे पाच रविवार गेले. माणूस सुखाच्या खुर्चीत बसून एवढा दुःखी होऊ शकतो हे फोम बनवणाऱ्याला कधी कळायचं नाही. गुणाजीचं जेवण कमी झालं. एका दुपारी सुगंधा स्वयंपाकघरात गेली तर हा कपाटाच्या दाराला कपाळ लावून उभा. तिला वाटलं, डोकं दुखतंय. तिने बाम आणून दिला. त्याने तो निमूट लावून घेतला.

सहाव्या रविवारी तो नेहमीसारखा बसला. डोळे मिटले. आज त्याच्या आठवणीतली बारी अशी रंगली की काय सांगावं. बोटं मांडीवरून खुर्चीच्या हातावर आली, थाप पडायला लागली, मान डोलायला लागली. शेवटच्या गजराला लय चढली, आणखी चढली, आणि तिहाई घेऊन गुणाजी दणकन समेवर आला. त्याने समाधानाने डोळे उघडले.

समोर तीन बायका उभ्या होत्या. हातात वाटी घेतलेली सोनूबाई, ओले हात पदराला पुसणारी सुगंधा, आणि शोकेसजवळ नलिनी, टेपच्या बटणावर बोट ठेवून. कॅसेटची चाकं थांबलेली होती. सोनूबाई विरजण मागायला आली होती, तिचं बोलणं ऐकू येईना म्हणून नलिनीने टेप बंद केला होता, कधीचाच. गुणाजीला ते कळायला वेळ लागला नाही. तीस वर्षं साच्यावर काढलेल्या माणसाला थांबलेलं चाक लगेच दिसतं.

"मी आपला मनातल्या मनात..." तो म्हणाला.

 नलिनीने ओढणीचं टोक तोंडासमोर धरलं. तिचे डोळे दिसत होते, ओढणी हलत होती. ती काहीतरी बोलत होती. गुणाजीने त्या ओढणीकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं, पुन्हा ओढणीकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं.

"काय म्हणालंस?" त्याने विचारलं.

ओढणी खाली आली. नलिनी रडत होती. सोनूबाई वाटी तशीच घेऊन आल्या पावली निघून गेली.

मग नलिनी चिडली, जसं आपल्याच माणसावर चिडतात. "दुकानात का नाही बोललात? एवढी वर्षं का नाही बोललात? मी काय परकी आहे?" आणि आईकडे वळली, "आणि तू? तुलाही कळलं नाही?"

सुगंधा खाली बसली. ती बोलली ते नवऱ्याकडे तोंड करून बोलली, नेहमीसारखं. "माका कसा कळतला गो? मी ह्येंका कधी पाठसून हाक मारलंय काय? घोवाक कोण नावान हाक मारता? काय सांगूचा झाला तर मी समोर येऊन सांगतंय." पस्तीस वर्षांच्या संसारात तिने त्याला एकदाही हाक मारली नव्हती, आणि त्यामुळे तो हाकेला ओ देत नाही हे तिला कळायची सोयच नव्हती. हे बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते कळलं, आणि ती पदर तोंडाला लावून बसली.

गुणाजीने त्या दिवशी सगळं सांगितलं. साचे, पंजा, कपाट, दुकानातली काळी खुर्ची. सांगताना त्याला लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं. नलिनीने एकच विचारलं, "कपाटातून काय काय ऐकू यायचं?"

"पखवाज. आणि काशीराम, इवलोसो."

पुढच्याच दिवशी कारखान्यातून सुटल्यावर ती शिवदासकडे गेली. त्याने तपकिरी खुर्ची परत घेतली, वर म्हणाला, "काका उठले त्याच वेळी मला कळलं होतं, ताई. पण गिऱ्हाइकाच्या घरच्या भांडणात आम्ही पडत नाही." काळी खुर्ची हातगाडीवरून आली तेव्हा अख्खी गल्ली बघत होती. ती खोलीत ठेवल्यावर खोली खरंच कोर्टासारखी दिसायला लागली. नलिनीने टेपरेकॉर्डर उचलला, खुर्चीच्या रुंद उजव्या हातावर ठेवला, आणि म्हणाली, "बसा."

गुणाजी बसला. पाठ ताठ, डोकं लाकडाला, पंजा टेपच्या शेजारी. बटण दाबलं आणि पखवाज त्याच्या हाडांत शिरला. त्याचा स्वतःचा, आठ वर्षांपूर्वीचा. आणि मागून ती रेघ. काशीराम होता. गेला नव्हता. सुगंधा स्वयंपाकघरातून बघत होती. नवऱ्याचा असा चेहरा तिने लग्नानंतर फार थोड्या वेळा बघितला होता.

नलिनी खाली पाटावर त्याच्यासमोर बसून ऐकत होती. तिलाही कॅसेट तोंडपाठ. अर्धी बाजू झाली असेल नसेल, तिने एकदम टेप बंद केला. थोडी मागे घेतली. पुन्हा लावली, पुन्हा बंद केली. तिचा चेहरा बदलला होता.

"काय झाला?" गुणाजीने विचारलं.

"बाबा, ह्या जागी काय आहे ते तुम्हाला माहीत आहे?"

गुणाजीला माहीत होतं. पहिला गजर संपल्यावर पखवाज थांबतो, लाकूड गप्प होतं, मग लोक हसतात त्याची थरथर येते, आणि दुसरा गजर सुरू होतो. "हय काशीराम पाणी पिता," तो म्हणाला.

"नाही." ती गुडघ्यांवर पुढे सरकली, त्याच्या अगदी समोर आली, आणि तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून बोलली. "इथे धोंडिराम बुवा विचारतात, 'बुवा, तुमचो पखवाजी सगळो येळ तुमच्या तोंडाकडेच बघता, तुमी काय त्येची नवरी?' आणि काशीरामकाका म्हणतात, 'ह्येचे कान साच्यांनी खाल्ले, पण ताल काय त्येंका खावक गावलो नाय. माका दुसरो पखवाजी नको!'"

गुणाजी तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"एवढी वर्षं आम्ही ह्याला हसतोय," नलिनी म्हणाली. "आई, मी, सगळे. आम्हाला वाटलं बारीतली टर आहे. बारीत बोललेलं कोण खरं मानतं?"

"परत सांग."

तिने परत सांगितलं. मैदानातला तो दिवस गुणाजीला आठवत होता. लोक हसले होते, काशीराम त्याच्याकडे बघून हसला होता, आणि आपल्या बुवाने धोंडिरामला चीत केला असं समजून तोही पखवाजावर हात आपटून हसला होता. सबंध मैदानाने ते ऐकलं होतं. त्याने एकट्याने नव्हतं. आणि मग त्याला पूर्वीचंही आठवलं. गच्चीवर पखवाजी नेहमी बुवाच्या बाजूला बसायचा. एके दिवशी काशीरामाने त्याचा पखवाज स्वतः उचलून समोर आणून ठेवला होता, 'गुणो, तू हय बस, माका बरा दिसता.' त्या दिवसापासून दर समेला काशीरामाची हनुवटी खाली यायची, चांगली स्पष्ट, लांबून दिसेल अशी. गुणाजीला वाटायचं, ही त्याची लकब.

"म्हणजे काशीरामाक ठावक होता," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला असावा, कारण सुगंधा बाहेर आली. "सगळा ठावक होता गो त्येका." आणि त्याला रडू आलं, लहान मुलासारखं, लेकीसमोर, बायकोसमोर, दार उघडं असताना. त्याने चष्मा पुसायचं सोंगही केलं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले आणि टेपकडे बोट दाखवलं. "त्या जागेर लाव."

नलिनीने कॅसेट मागे नेली. गुणाजीने पंजा खुर्चीच्या हातावर पालथा ठेवला. गजर आला, चढला, पखवाज समेवर पडून थांबला, आणि लाकूड गप्प झालं. त्या गप्प लाकडावर हात ठेवून, सगळं मैदान हसायच्या आधी, गुणाजीने काशीरामाचं वाक्य ओठांनी म्हटलं. मग पंजाखाली लोक हसले.